सर्टिफिकेट भिंतीवर, मी काउंटरवर

हॅलो?… हो दादा, दुकानातच आहे. मी आणखी कुठे असणार?… ओटीपी? आलाय ना, सहा आकडी. पण कशाचा रे?… तुझ्या लेकीच्या अ‍ॅडमिशनचा? फॉर्म लॉक करायला?… अरे, पाचपर्यंत मुदत आहे, एवढी कसली घाई?… थांब हं, गिऱ्हाईक आहे. आजोबा, ही पांढरी उपाशीपोटी, ही जेवणानंतर. दोन्ही एकदम नाही घ्यायच्या… हां, बोल.

पहिला पर्याय काय टाकलास?… काय?… दोन वर्षांचा डिप्लोमा? अरे, तिला विद्यापीठातलं फार्म डी हवंय! सहा वर्षांचं. वॉर्डात फिरून पेशंटची औषधं तपासायची आहेत तिला… बरं, सहा नको. मग चार वर्षांचं बी फार्म?… तेही खाली? दादा, पहिलाच पर्याय मिळाला की बाकीचे बाद होतात, माहितीये ना?… म्हणजे माहितीये. म्हणूनच टाकलास.

तिला विचारलंस?… ‘त्यात विचारायचं काय?’ वा! बाबा अगदी हेच म्हणाले होते. याच आवाजात.

नाही, जुनं उकरत नाहीये… हो, उकरतेय! बारावीला मार्क माझे जास्त होते. तू दुसऱ्यांदा बसला होतास परीक्षेला. पण औषधाच्या दुकानाला एका फार्मसिस्टचं सर्टिफिकेट पुरे, म्हणाले. पुरलं की! तुझं वर भिंतीवर लटकलंय आणि मी खाली सव्वीस वर्षं उभी आहे. परवा चिठ्ठीतला दुप्पट डोस कोणी पकडला? मी. रजिस्टरात सही कोणाची? तुझी. तीही मीच करते. आता तर माझी स्वतःची सही मला धड येत नाही, दादा.

आणि तुला दोन वर्षांनी कंपनीत नोकरी धरायची, म्हणून या खिळ्यावर पोरीला टांगायचं. सरळ सांग ना तसं!

काय म्हणालास?… आजच काढून नेशील? दुकान बंद पडेल, मी घरी बसेन?… ने. खिळा मीच ठोकलाय. पक्कड ड्रॉवरमध्ये आहे, ये घेऊन जा.

ओरडू नकोस… हो, फॉर्मवर नंबर माझाच दिलाय तिनं. का दिला, कळलं ना आता?… नाही सांगणार… पाठव परत. दहा वेळा पाठव, इथेच येईल… ठेव तू. मधे तिचाच फोन येतोय. ठेव म्हटलं ना!

…हं, बोल गं. आत्याच बोलतेय. क्रम बदललास?… सहा वर्षांचं वर घेतलंस? नीट बघ. परत एकदा बघ… दुकानाचं काय?… ते आत्ता नको विचारूस, बाळा. हा बघ, नवा ओटीपी आला. लिही. हळू सांगते, एकही आकडा चुकवू नकोस. चार… शून्य… सात…