पिपरटोला सूचना फलकावरील न पुसलेला व्हिडिओ

जबाब
दिनांक ५ एप्रिल २०२५, सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे

मी, श्रीमती गिरजाबाई गुलाब खोब्रागडे, वय ६४ वर्षे, शिक्षण बी.ए., बी.एड., व्यवसाय सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार पिपरटोला, तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की, रुखमाबाई लटारू गुरनुले हिला ३ एप्रिल रोजी झालेल्या मारहाणीच्या फिर्यादीत 'सदर व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अज्ञात इसमाने टाकला' असे लिहिले आहे. ते मी काल वाचले. अज्ञात कोणी नाही. तो व्हिडिओ मी टाकला. मला कोणी बोलावलेले नाही. एवढे वाक्य दुरुस्त व्हावे म्हणून मी आले आहे.

'पिपरटोला सूचना फलक' हा ग्रुप मी २०१९ साली निवृत्तीनंतर सुरू केला. त्यात आज २१४ जण आहेत. पहिल्याच महिन्यात लोकांनी फुलांची चित्रे, सुप्रभात आणि भांडणे टाकली, म्हणून मी तो इतरांच्या लिहिण्यासाठी बंद करून घेतला. त्यावर फक्त मीच लिहू शकते. कोणाला काही कळवायचे असेल तर तो मला पाठवतो, मी वाचते, शुद्धलेखन सुधारते, खात्री करते आणि मग टाकते. सहा वर्षांत एकही खोटी बातमी त्यावर गेली नव्हती. गावात कोणी मोबाइलवर भलतेच काही दाखवले तर लोक विचारत, "फलकावर आलं का?" मला त्याचा अभिमान होता, हेही लिहावे.

दिनांक १९ मार्च रोजी मोहफुले वेचताना आमच्या गावातील दसरू याची पत्नी रंभा हिला वाघाने मारले. आमच्याकडे मोहाची झाडे घराघरांत वाटलेली आहेत. ज्याचे झाड, त्याचीच फुले. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. त्यामुळे वन विभाग 'गटाने जा' म्हणतो तरी ज्याला त्याला पहाटे आपल्याच झाडाखाली बसावे लागते. रंभाच्या झाडापासून रुखमाबाईचे झाड दीडशे पावलांवर आहे. रुखमाबाई, वय ६०, विधवा, रंभा गेल्यावरही रोज जात होती. तिला काही झाले नाही.

दिनांक ३ एप्रिल रोजी सकाळी मी पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर उभी होते. गावात रेंज तेवढ्याच जागी येते. माझा माजी विद्यार्थी विक्की, वय २६, हा 'वनवार्ता चोवीस तास' नावाचे यूट्यूब चॅनल चालवतो. त्याने मला ३ मिनिटे १२ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. मी पहिले चाळीस सेकंद पाहिले. त्यात वाघाचा फोटो आणि 'मोहफूल वेचणाऱ्यांनो सावधान' असा इशारा होता. नंतर तो अडकला. चक्र फिरत राहिले. समोरून दोघी टोपल्या घेऊन जंगलाकडे निघाल्या होत्या. मी उरलेला भाग न पाहता ६ वाजून ५२ मिनिटांनी व्हिडिओ फलकावर टाकला.

उरलेल्या भागात रुखमाबाई आहे. ती मोहाखाली एकटी फुले वेचते आहे आणि तिचे ओठ हलत आहेत. तिचा आवाज काढून टाकून त्या जागी भीतीचे संगीत घातले आहे. पडद्यावर अक्षरे आहेत: 'वाघ हिच्याजवळ का येत नाही? काय पुटपुटते ही बाई? रहस्य काय?' तिचे तोंड स्पष्ट दिसते.

पुढचे मी स्वतः पाहिलेले नाही, रुखमाबाईने सांगितले ते सांगते. सकाळी साडेदहाच्या सुमारास दसरू व इतर सहा जण मोबाइल घेऊन तिच्या अंगणात आले. सुरुवातीला त्यांनी विनंती केली. दसरू म्हणाला, "काकू, आमालेबी सांग ना तो मंतर. तुले येते तं गावाले काऊन नाई सांगत?" ती हसली. म्हणाली, "कायचा मंतर रे बाबू. मी तं लटारूले शिव्या देतो." लटारू हा तिचा नवरा. तो अकरा वर्षांपूर्वी वारला. त्यावर कोणीतरी म्हणाले, "पाहा, मेलेल्या मानसासंग बोलते, आपल्या तोंडानं सांगून राह्यली." त्यानंतर मारहाण सुरू झाली. तिचे समोरचे दोन दात पडले, डावे मनगट मोडले. वाघाला रंभा तूच खायला लावली, हे कबूल कर म्हणत होते.

मी ११ वाजून ५ मिनिटांनी पोहोचले. दसरूचा हात धरला. जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती मी शाळेत दरवर्षी दिलेली आहे आणि त्या सातांपैकी पाच जण माझ्या वर्गात होते. मी म्हटले, "लाज नाही वाटत?" दसरू म्हणाला, "बाई, तुम्हीच तं पाठवलं." मी त्याचा हात सोडला. नंतर पुन्हा धरला.

त्याच दिवशी दुपारी ४ वाजता विक्की माझ्या घरी आला. तोवर त्याने व्हिडिओ चॅनलवरून काढला होता. तो म्हणाला, "बाई, मी कुठी म्हटलं ती जादू करते म्हणून? मी तं फक्त प्रश्न विचारला." मी विचारले, आवाज का काढलास. तो म्हणाला, "आवाजात काय होतं बाई, म्हातारीची बडबड. कोन पाहते? सतरा हजार व्ह्यू झाले होते, डिलीट करताना जीवावर आलं." मी त्याला घराबाहेर जायला सांगितले. तो चप्पल घालताना म्हणाला, "पूर्ण पाहून पाठवायचं ना मंग, तुम्ही तं मुख्याध्यापक." या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही.

याबाबत माझे म्हणणे असे की, पूर्वी तालुक्याला एक साप्ताहिक यायचे. त्यातही चुका असत. पण शेवटच्या पानावर संपादकाचे नाव आणि पत्ता छापलेला असे आणि माणूस तिथे जाऊन टेबलावर हात आपटू शकत असे. आता बातमीला पत्ता नाही. विक्की म्हणतो मी प्रश्न विचारला, यूट्यूबची कंपनी म्हणते आम्ही फक्त जागा दिली, गाव म्हणते फलकावर आले होते. शेवटी ज्या माणसाचे तोंड त्यात दिसते, त्याच्याच दारात सगळे पोहोचतात. हे मत आहे, घटना नाही, असे हा जबाब घेणाऱ्या हवालदार रीना मडावी यांनी मला दोनदा सांगितले. तरी ते लिहावे असा माझा आग्रह आहे.

दिनांक ४ रोजी मी रुखमाबाईला चंद्रपूरच्या दवाखान्यात भेटले. तिची मुलगी करिष्मा माजरीहून आली आहे. रुखमाबाईला दातांमुळे नीट बोलता येत नव्हते. तिने विचारले, "बाई, तुमच्याच मोबाइलातून आलं ना थे?" मी हो म्हटले. ती म्हणाली, "मंग पुसा ना. लोकायच्या मोबाइलात माह्यं तोंड तसंच हाय. मी गावात कशी येऊ?" मग म्हणाली, "मोहा पडून राह्यला असन खाली. ढोरं खातीन."

पुसण्याचे काम माझ्या हातात होते. व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्याला सुमारे अडीच दिवस आपला संदेश सर्वांच्या मोबाइलमधून काढता येतो. मी बाहेर येऊन हवालदार मडावी यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "नका पुसू, मॅडम. चॅनलवरची कॉपी त्यानं उडवली. लोकांनी पाहिली थे कॉपी आता तुमच्याच फलकावर हाय. थे गेली तं केस पडते." मी पुसला नाही. रुखमाबाईला तसे सांगायला मी परत आत गेले नाही.

फलकावर निदान खुलासा टाकावा असे मी विचारले. ग्रुपमध्ये काहीही बदल करू नये असे मला सांगण्यात आले. म्हणून आज सकाळी ८ वाजता मी शाळेच्या पटांगणात उभे राहून तोंडी खुलासा केला. अकरा जण आले. त्यात दसरूची आई होती. दसरू अटकेत आहे.

आज इथे हवालदार मडावी यांनी विक्कीच्या जप्त मोबाइलमधील मूळ चित्रण मला ओळख पटवण्यासाठी ऐकवले. त्यात आवाज आहे. आवाज रुखमाबाईचाच आहे हे मी ओळखते. ती मोठ्याने म्हणते: "ऊठ ना गा लटारू, सारा मोहा मीच येचू का? जिता होता तवाबी झोपूनच राहे, आताबी झोपूनच. पोरगी चार महिने झाले आली नाई. थंडी वाजते का तुले तिथी?" मध्ये थांबून ती टोपलीवर हात आपटते आणि जंगलाकडे पाहून म्हणते, "मी हाय इथी बरं, मानूस हाय." वाघाला माणसाची चाहूल लागावी म्हणून एकट्या माणसाने बोलत राहावे, असे वनरक्षकांनी गावात सांगितलेले आहे. ती सूचना गेल्या वर्षी मीच फलकावर टाकली होती. तिने ती पाळली.

हा जबाब चालू असताना सायंकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी व्हिडिओ पुसण्याची मुदत संपली. तेव्हा मोबाइल माझ्यासमोर टेबलावर होता. मी त्याला हात लावला नाही.

हा जबाब हवालदार मडावी यांनी संगणकावर घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो पुन्हा स्वतः पूर्ण वाचला, शेवटपर्यंत. मी सांगितले तसाच आहे. कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही.

सही
गिरजाबाई गुलाब खोब्रागडे

जबाब देणार यांनी स्वखुशीने हजर केलेल्या वस्तू:

१) मोबाइल, काळ्या रंगाचा, सिमसह, चालू स्थितीत. 'पिपरटोला सूचना फलक' हा ग्रुप उघडून पाहिला. सदस्य २१४. लिहिण्याचा अधिकार फक्त जबाब देणार यांना. शेवटचा संदेश दिनांक ३ एप्रिल, सकाळी ६.५२ चा व्हिडिओ. त्यानंतर काही नाही. मोबाइल सीलबंद केला. न्यायालयाच्या आदेशाशिवाय परत मिळणार नाही, हे समजावून सांगितले.

२) मोबाइलचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी.

३) वहीचा एक कागद, जबाब देणार यांच्या हस्ताक्षरातील. मजकूर: 'रुखमाबाई मंत्र म्हणत नाही. ती आपल्या नवऱ्याशी बोलते. व्हिडिओ मी पूर्ण न पाहता टाकला, चूक माझी आहे. तिला गावात येऊ द्या.' फलकावर टाकण्यासाठी लिहिलेला. टाकलेला नाही.