चाळीस हजार खुर्च्या आणि आम्ही आठशे बारा

...नाही, पण मी म्हणतो, चाळीस हजार खुर्च्या लागतातच कशाला हो? बसणार कोण? आम्ही माणसं आठशे बारा! तीही कडेवरची पोरं धरून, आणि त्यातल्या निम्म्या खेळाडूंच्या मावश्या आणि आत्या! तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, तीस वर्षं लोकांची मापं घेतोय, छत्तीसच्या छातीला कोणी छप्पनचा कोट शिवतं का? पण आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी शिवला. आणि घातला कोणाला, तर आमच्या पोरींच्या फुटबॉल टीमला, जिच्यात माझी धाकटी गोलकीपर आहे.

आधीचं मैदान कसं होतं, ऐका. एवढंसं! एका अंगाला बेकरीची भिंत, दुसऱ्या अंगाला सायकलचं दुकान, बॉल बाहेर गेला की बेकरीवाला खिडकीतून परत फेकायचा, पिठासकट. आठशे माणसं आली की मुंगीला शिरायला जागा नाही! मी आपला धाकटीच्या गोलमागे, जाळीला नाक लावून. नुसता उभा नाही हं, सूचना देत! "पुढे हो! मागे ये! हात वर! झोपलीस का गं?" आणि सगळं पब्लिक माझ्याच आजूबाजूला. जगात लोक समोरच्या टीमच्या गोलमागे बसतात, आपला गोल बघायला. आम्ही आमच्याच गोलमागे! का? तर पहिली तीन वर्षं गोल फक्त तिथेच व्हायचे! मग पडली ती सवय. हाफटाइमला बाजू बदलल्या की आम्ही सगळे चहाचे कप सांभाळत निघायचो, शंभर-सव्वाशे पावलं टाकली की आला दुसरा गोल, पुन्हा जाळीला नाक! आणि पोरी जिंकायला लागल्या हो, बघता बघता सगळ्यात वरच्या गटात गेल्या.

झालं! अध्यक्षांच्या अंगात आलं. "आता टीम मोठी, मैदानही मोठं पाहिजे!" मी म्हटलं, "साहेब, जरा माप बघून..." तर म्हणतात कसे, "माप कसलं बघता? जागा केली की गर्दी आपोआप येते!" आपोआप! कपाट मोठं घेतलं म्हणून कपडे आपोआप येतात का हो? चाळीस हजार खुर्च्या, आणि आम्ही आठशे बारा!

बरं, आठशे बारा तर आठशे बारा, दाटीवाटीनं एकत्र बसू म्हटलं. तर नाही! तिकिटावर नंबर! आणि नंबर देणाऱ्या त्या मशीनला कोणीतरी सांगून ठेवलेलं की स्टेडियम सगळीकडून भरल्यासारखं दिसलं पाहिजे, मग त्यानं आम्हाला बी पेरावं तसं पेरलं. इथे एक, तिथे एक! मी पूर्वेला खाली, आमची ही पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण इतक्या लांबून तिला कधी पाहिलंच नव्हतं... छान दिसते! ती तिकडून हातवारे करून काहीतरी विचारत होती, मी आपली मान डोलावली, घरी गेल्यावर कळलं, विचारत होती, "गॅस बंद केलात का?" नव्हता केला.

म्हटलं जरा चार खुर्च्या सरकून बेकरीवाल्याशेजारी बसावं, तर पिवळ्या जाकिटातला एक गृहस्थ हजर! माझ्याच वयाचा, तोंडावरची माशी उडत नव्हती. "साहेब, नंबर?" मी म्हटलं, "अहो, आजूबाजूला पाचशे खुर्च्या रिकाम्या आहेत!" "त्यांची माणसं येतील." "कधी?" "ते मला ठाऊक नाही. आपला नंबर सहाशे चार." बसलो बाबा सहाशे चारवर! आणि तिथून ओरडलो, "झोपलीस का गं?" तर धाकटीपर्यंत काही पोचलं नाही, पण समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर आपटून माझाच आवाज मला परत आला. "झोपलीस का गं?"

आता अशात पोरी खेळणार कशा? टाळी वाजली की दचकून मागे बघायच्या! सात सामने झाले त्या स्टेडियमात, सहा हरलो आणि एक बरोबरीत सुटला, तोही समोरच्या टीमची बस चुकली आणि त्या धापा टाकत उतरल्या म्हणून! उरला शेवटचा. जिंकलं तर वरच्या गटात राहायचं, नाहीतर खाली. आणि अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं, "खाली गेलात तर महिलांची टीम बंद!" त्या दिवशी धाकटी जेवली नाही. हातमोजे मांडीवर घेऊन एकेक बोट सरळ करत बसली होती. सातव्या वर्षापासून पोरीनं दुसरा नाद केला नाही हो.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि दारोदार फिरलो. "नंबर गेला खड्ड्यात, सगळे धाकटीच्या गोलमागे!" आणि तुम्हाला सांगतो, सामन्याच्या दिवशी आठशे बारा माणसं एकदम उठली आणि घुसली की एका कोपऱ्यात! पिवळं जाकीट धावत आलं, "साहेब, नंबर! साहेब, नंबर!" मी म्हटलं, "किती जणांना उठवणार? उठवा!" बिचारा हताश झाला, जाऊन माझ्या सहाशे चारवर बसला. म्हणे, निदान एका खुर्चीवर तरी माणूस असू दे.

पहिला हाफ काय रंगला! आमचा आरडाओरडा ऐकून समोरच्या पोरी बिचकल्या, शून्य-शून्य! आणि मग हाफटाइम झाला... आणि इथे आमची सगळ्यांची अक्कल गहाण पडली. बाजू बदलतात ना! आम्ही सवयीनं उचलले कप आणि निघालो की पलीकडे! कुठलं मैदान आहे, किती मोठं आहे, आहे का कोणाला शुद्ध? जिना उतरा, बोळातून चला, पुढे दार बंद, मागे फिरा, जिना चढा, परत उतरा, हे स्वच्छतागृह... दहा मिनिटांनी पुन्हा तेच स्वच्छतागृह! आठशे बारा माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे बेकरीवाला, "मला रस्ता पाठ आहे" म्हणत! कॅमेरावालासुद्धा आमच्याच मागे. वर्षात पहिल्यांदा गर्दी दिसली म्हणे, ती सोडून खेळ कोण टिपतो?

बाहेर आलो तेव्हा दुसरा हाफ सुरू होऊन पंधरा मिनिटं झालेली, आणि फळ्यावर एक-शून्य! आमचा एक! अहो, कोणी केला? कसा केला? बघणारं होतं कोण? चाळीस हजार खुर्च्या, आणि त्यांत एक पिवळं जाकीट! मी पळत गाठलं त्याला. "काय झालं हो?" "त्यांना पेनल्टी मिळाली." "मग?" "तुमच्या गोलकीपरनं पकडली." "मग?" "मग तिनं लाथ मारली, तो बॉल तिकडे टप्पा पडून त्या दुसऱ्या बाईच्या डोक्यावरून आत गेला." माझी पोर! गोलकीपर! इकडून तिकडे गोल! मी त्याचं जाकीटच धरलं. "अहो, कसा होता? नीट सांगा ना, कसा होता गोल?" त्यानं विचार केला. म्हणाला, "बरा होता."

बरा होता! जन्मात एकदा होणारी गोष्ट, आणि बाप कुठे? तर स्वच्छतागृहापाशी! उरलेला वेळ मी रडत उभा होतो, ओरडायचंसुद्धा भान नाही. जिंकलो. टीम वाचली. अध्यक्ष छाती काढून सगळ्यांना सांगत होते, "बघितलंत? मोठ्या मैदानाचा परिणाम!"

घरी आल्यावर मी धाकटीला जवळ घेतलं. म्हटलं, "बाळा, माफ कर गं, नेमका तेव्हाच मी नव्हतो. कशी अडवलीस ती पेनल्टी?" तर ती इतकं गोड हसली! म्हणाली, "बाबा, रागावू नका, पण सोपं होतं. दर पेनल्टीला तुम्ही मागून ‘डावीकडे! डावीकडे!’ ओरडता. आज एकदम शांत होतं. मी उजवीकडे झेपावले."

दुसऱ्या दिवशी मी क्लबात गेलो आणि पुढच्या हंगामासाठी सगळ्यात वरची, सगळ्यात लांबची खुर्ची मागून घेतली.