एराल्दोकाकांच्या मनगटावरचा आकडा

हॅलो?… हो, मायतेच बोलतेय. कोण?… अगंबाई, ऑर्फेलिनाकाकू! चिलोएहून? वारा केवढा ऐकू येतोय तुमच्या बेटावरचा!

बोला ना, काही कामात नाहीये… कडं? कुठलं कडं?… हां हां, आमच्या फिल्मसाठी एराल्दोकाकांना घातलेलं! अजून घालतात?… झोपतानासुद्धा?… रक्तातली साखर दाखवतं म्हणून…

काकू, एक मिनिट. सुई टोचून तपासतात ना रोज?… बंद? कधीपासून?… दोन आठवडे! आणि इन्सुलिन?… ‘आकडा चांगलाय, मग कशाला’ म्हणतात?

अहो, ऐका ना. ते कडं खोटं आहे… नाही, बिघडलेलं नाही, खोटं! पुढेमागे असं यंत्र निघालं तर कसं दिसेल, ते दाखवायला केलेला नमुना. आत नुसतं घड्याळ आणि दिवा… हो, बदलतो ना आकडा, मीच बसवलाय तो. सकाळी अठ्ठ्याण्णव, दुपारी दोनला एकशे चाळीस… जेवल्यावर वाढतो असं वाटतं, कारण तुम्ही रोज दीडला जेवता! टेबलावर काढून ठेवा, तरी वाढेल.

…नाही सांगितलं. हो. ‘आठवण म्हणून राहू दे’ म्हटलं आणि निघून आलो. सुचलंच नाही हो, काकू.

ते कसे आहेत आत्ता?… सारखं पाणी पितात… उलटी? कधी झाली?… पेंगतायत. काकू, शेजारच्या बेर्ताबाईंकडे साखरेचं यंत्र आहे ना? हाक मारा. मी आहे फोनवर…

…हं, टोचलं? किती?… आकडाच नाही? नुसती अक्षरं? म्हणजे यंत्राला मोजता येत नाही एवढी वाढलीय! हॉस्पिटलला न्या, आत्ताच्या आत्ता… लाँच बंद? वाऱ्यामुळे?… मग बेटावरची नर्स… बेर्ताबाई गेल्या बोलवायला? बरं. बरं… मी काय करू इथे सान्तियागोत बसून? सांगा ना, काय करू?… रडत नाहीये.

आली? काय म्हणतेय?… सलाइन लावतेय. देवा… मला काकांशी बोलायचंय? म्हणजे, त्यांना माझ्याशी? द्या, द्या…

काका! रागवा माझ्यावर, हवं तेवढं… काय? जरा मोठ्याने… खरं कडं कधी निघणार, म्हणता?

…नाही हो, काका. कुणीच बनवत नाहीये. आमची फक्त फिल्म होती… हो. लोकांना आवडली, खूप…

काकू, काय झालं?… कडं काढू देत नाहीत? नर्सला तोच हात हवाय?… काका, सोडा ना ते, प्लास्टिक आहे नुसतं… काका…

असू दे. राहू दे, काकू, ओढू नका. सुई दुसऱ्या हाताला लावा म्हणावं… हो. ठेवा तुम्ही फोन. त्यांच्याजवळ बसा.