चौबगला गेला नेटवर

…आणि वर मलाच विचारते, "मावशी, तुम्ही एवढा संशय का घेता?" अगो, नको घेऊ तर काय करू? तुम्हीच सांगा. भर दुपारी मी पेजेचं भांडं विसळतेय, दारात एक अनोळखी मुलगी, पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा, आणि म्हणते काय, "तुमच्या ट्रंकेतलं बेतण्याचं पुस्तक जरा दाखवता?" ट्रंकेतलं! म्हणजे पुस्तक आहे हे ठाऊक, आणि कुठे आहे तेही ठाऊक! अख्खी हयात मालवणच्या बाजारात पोलकी शिवली मी, पण त्या पुस्तकावर कुणाची सावली पडू दिली नाही. बाहेरच्यांचं सोडा, भक्ती, माझी सून, घरातली, शिवण येतं तिला, तरी तिच्यासमोरसुद्धा कधी उघडलं नाही. मग ह्या बयेला सांगितलं कोणी?

मी म्हटलं, समोर तो नवा लेडीज टेलर आलाय ना, काचेचं दार लावून बसलेला, त्याचंच काम हे. दुसरं कोण?

मुलीचं नाव सनोबर. खारेपाटणची, कणकवलीला कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्यांची तर मला पहिली भीती. म्हणते, "मावशी, जुनी शिवणाची पुस्तकं शोधते मी. पानापानाचे फोटो काढते आणि नेटवर ठेवते. कोणीही बघावं, कोणीही शिकावं. फुकट."

"फुकट? आणि ह्यात तुझा काय?"

"काही नाही."

काही नाही! तुम्हाला सांगते, मासळीवाली शिळ्या बांगड्याला 'ताजो आसा गो' म्हणते, ते मला समजतं, पोटासाठी म्हणते बिचारी. पण 'काही नाही' म्हणणारं माणूस? त्याचं पोट कुठाय तेच कळत नाही!

बरं, पुस्तक कोणाचं, तर गंगाराम मास्तरांचं. त्यांनी लिहिलं, त्यांनी छापलं. मी म्हटलं, त्यांना विचारलंस? तर म्हणते, "मास्तर वारले की. लेखक वारल्यावर साठ वर्षं गेली की पुस्तक सगळ्यांचं होतं, कायदाच आहे." म्हणजे बघा, नुसता मेलेला चालत नाही, चांगला मुरलेला पाहिजे! लोणच्यासारखा! आणि मुरला की कोणीही यावं नि बरणीत हात घालावा!

आता ते पुस्तक माझ्याकडे आलं कसं? वाण्याने आल्याच्या पुडीला पहिली पानं फाडली होती, उरलेलं मी त्याच्या हातातून ओढून घेतलं. शाळा माझी चौथीत सुटलेली, शिकवणारं कोणी नाही, पुस्तक मांडीवर आणि कात्री हातात, अशी शिकले. मास्तरांनी त्यात काय नाही दिलंय? पण सगळ्यात मोठी चीज म्हणजे चौबगला. बगलेत चौकोनी तुकडा जोडतात ना, तो. आमच्या मासळीबाजारातल्या बाया दिवसभर टोपली डोक्यावर चढवतात नि उतरवतात. हात वर गेला की पोलकं वर चढता कामा नये, आणि बगलेत उसवता तर अजिबात कामा नये. म्हणून चौबगला.

आणि इथेच गोम आहे! मास्तरांनी पुस्तकात तो तुकडा सरळ धाग्यावर बेतायला सांगितलाय. मी तसा बेतला, उसवला. पुन्हा बेतला, पुन्हा उसवला. मग एकदा कापड कमी पडलं म्हणून तिरपा बेतला… आणि काय सांगू, हात आभाळाला लावा, पोलकं जागचं हलेना! तेव्हा कळलं. मास्तर मुरलेले शिंपी, सगळं सांगितलंन आणि एवढं एक गिळलंन! का नाही गिळायचं? फुकट कोण काय देतं हो? मीसुद्धा गिळलं. बंदरावरची प्रत्येक मासळीवाली पोलक्याला माझ्याच दारात येते ती उगाच नाही.

म्हणून मनात म्हटलं, ने बाय पुस्तक, खरी चीज त्यात आहेच कुठे! तिने फोटो काढले, मी समोर पाट टाकून बसले, पापणी लववली नाही. निघताना तिची पिशवी उघडायला लावली. तर हसते काय, "मावशी, डबा आहे तो. उघडून बघा, चपाती हवी तर घ्या."

चपातीसुद्धा फुकट!

झालं. पुस्तक गेलं नेटवर. महिनाभर सगळं शांत. मग एक दिवस भक्ती मोबाईल घेऊन आली, तोंड एवढंसं करून. "आई, कोणतरी तुमच्या मास्तरांक वायट लिवल्यान हा."

"काय लिवल्यान? वाच."

"'ह्या मास्तराच्या हातात कात्री दिली कोणी? चौबगला लावला, हात वर केला, पोलकं टरकन उसवलं. पुस्तक बोगस आहे.'"

बोगस! ज्या माणसाच्या जिवावर मी दोन पोरं मोठी केली, तो बोगस? तुम्हाला सांगते, माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली, भक्तीला म्हटलं, लाव फोन त्या सनोबरला, आत्ताच्या आत्ता बोलव! ती आली, मोबाईल समोर धरलान, म्हणाली, "बोला मावशी." आणि मी सुटले! "गो शाण्या, मास्तरांक नावां ठेवतंस? तुका कात्री धरूक येता? चौबगलो सरळ धाग्यार बेतलंस तर उसवतलोच! तिरपो बेत! तुकडो असो फिरव, कोन असो खाली घे, आणि मगे हात वर कर नि बोल!" कापड घेतलं, खडू घेतला, बेतून दाखवला, जोडून दाखवला, ओढून दाखवला… आणि मग माझा हात तोंडावर गेला.

"सनोबर! ता पूस! पूस ता आधी!"

"मावशी, लाइव्ह होतं. बघितलं लोकांनी."

फुकट! इतक्या वर्षांचं गिळलेलं, एका शिवीपायी, सगळ्या गावाच्या पदरात फुकट! आणि ह्यात माझा काय? काही नाही!

मी धरून चालले, आता समोरच्या काचेवाल्याकडे रांग लागणार. रोज खिडकीतून बघते. रांग नाही. आठ दिवसांनी भक्तीने माझ्यापुढे एक नवं पोलकं ठेवलं. "आई, घालून बघा." बगलेत बघितलं. चौबगला. तिरपा.

"व्हिडिओ बघून शिवलंस?"

"होय. आणि ता वायट मियाच लिवलंय. सनोबराक ट्रंकेचा पण मियाच सांगितलंय." मान वर करून सांगते हो! "मगे काय करतलंय? लग्न होवन इलंय तवापासून इचारतंय, आणि तुमी चौबगलो बेतूक घेतलास की माका चाय करूक धाडतास!"

काचेवाल्यावर संशय, सनोबरवर संशय, मेलेल्या मास्तरांवरसुद्धा संशय… आणि चोर माझ्याच चुलीपाशी चहा उकळत होता! असं भांडायचं ठरवलं, की शेजारपाजार गोळा झाला पाहिजे. म्हटलं, आधी पोलकं घालते, उसवते, आणि मग बोलते. घातलं. हात वर केला. दोन्ही वर केले. भरलेली कळशी उचलून डोक्यावर घेतली, उतरवली, पुन्हा घेतली. कुठे म्हणून ओढेना हो! माझ्या हातच्यासारखंच… जाऊ दे, माझ्या हातचंच म्हणा.

भक्ती दारात उभी, माझ्या बगलेकडे डोळे लावून.

शेवटी म्हटलं, "गळो मातर ढिलो झालो हा."

नव्हता झाला. पण सासू आहे मी, काहीतरी म्हणायला नको?