एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात

हृदयाच्या तपासणीसाठी एक गवंडी आणि त्याची थोरली बहीण रुग्णालयातल्या बाकावर बसले होते. शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेच्या कानावर त्यांचं बोलणं पडत होतं.

"ताई, दुखणं किडनीचं, मग छाती कशाला तपासतात?"

"किडनी थकली की रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या कडक होतात. सगळा भार हृदयावर येतो, डॉक्टर म्हणाले ना."

"म्हणजे एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात."

"आपल्या घरासारखंच."

"आई गेल्यापासून माझ्यासाठी राबलीस. आता तुझी किडनी नको मला."

"तुला विचारलंय कोणी? माझ्या तपासण्या कालच झाल्या. जुळतेय."

"सांगितलं नाहीस."

"रात्रभर जागला असतास. आता तुझं हृदय तेवढं धड निघू दे."

गवंड्याचा नंबर पुकारला. दोन पावलं जाऊन तो मागे वळला.

"ताई, तूही चल ना आत."

शिक्षिकेनं पाय आखडून दोघांना वाट करून दिली.