गिळलेला सेल

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. त्यांच्या चिमीला घेऊन आजी आत गेली होती.

"तिनं सेल गिळेपर्यंत तुझं लक्ष कुठं होतं?"

"फोनवर. हळू बोला."

"सदान्‌कदा फोन! घसा कोरडा करून सांगतो, खेळण्यातले सेल तिच्या हाती लागू देऊ नकोस."

"आजही सांगितलंत."

"कधी?"

"तेव्हाच. तुमचाच फोन होता तो."

"मग ठेवायचा ना!"

"दोनदा म्हटलं, ठेवते, चिमी एकटी खेळतेय. तुम्ही म्हणालात, हं, थांब जरा."

"मी? मला नाही आठवत."

"कसं आठवेल? तुमचं टायपिंग चाललं होतं. टकटक ऐकू येत होती मला."