मध्यम प्रतीची भाकर

मी मूळचा घाटंजीकडचा. काय सांगू तुम्हाले, माह्या बापाचं अक्षर एवढं मोठं होतं की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर येथे थुंकू नये लिवाले घेतलं त भिंतच पुरली नाही, नये शेजारच्या घरावर गेलं अन् पंचायतीवर येथे थुंकू एवढंच राह्यलं, अन् लोकं थे सरकारी हुकूम समजून पाळत. थोच हात माह्यात उतरला. म्हणून राळेगावकडच्या एका दालमिलमधी शेटनं मले डाळीच्या कट्ट्याईवर, म्हणजे पोत्याईवर, छापे माराले ठेवलं. टिनाच्या पत्र्यात अक्षरं कोरलेली असतात, पत्रा कट्ट्यावर ठेवाचा अन् काळ्या रंगाचा कुचा फिरवाचा, झाला छापा. पत्रे दोन, एक उत्तम प्रत, एक मध्यम प्रत. पहिल्याच हंगामात शेट म्हणे, गुलाब, थो मध्यमवाला पत्रा कायले ठेवतं इथं, घरी घेऊन जाय. मी म्हटलं, अन् मध्यम डाळ आली त. शेट म्हणे, आपल्याकडे थे येतच नाही. मंग किडकी असो, फुटकी असो, कट्ट्यात भरली की उत्तम. एकदा त कट्ट्यात उंदीर शिवला गेला, थोही उत्तम होऊन हैदराबादले गेला.

घरी मंदानं, म्हणजे माह्या बायकोनं, थो पत्रा चुलीवर ठेवला. अक्षराईच्या भोकातून असा जाळ ये की भाकर फुगून छपराले लागे, मी काठीनं खाली पाडो. फक्त तिच्यावर अक्षरं उमटत. माह्ये दोन्ही पोरं मध्यम प्रतीच्या भाकरी खाऊनच वाढले.

अन् यंदा आल्या सरकारच्या तपासणीवाल्या मॅडम. उत्तमचा कट्टा उघडला, मूठभर डाळ हातावर पसरली, अन् त्यातली चांगली शोधाले चष्मा लावला. म्हणे, हे उत्तम? आमचा शेट लय चाप्टर. म्हणे, मॅडम, माल मध्यमच हाये, ह्या गुलाबनं आज चुकून दुसरा पत्रा उचलला, अडाणी माणूस, ह्याचंच नाव लिवा. मॅडमनं पेन उघडला अन् गु लिवला. सरकारी कागदावर लबाड म्हणून नाव चढलं की मिल सुटली समजा, अन् बाकीच्या मिलवालेही दारात उभं करत नाहीत.

मी म्हटलं, मॅडम, लिवा, पण पयले मध्यमवाला पत्रा त पाहा, मिलच्या मांगंच माह्यं घर हाये. शेट म्हणे, कायले मॅडमले उन्हात नेतं बे. पण मॅडम निघाल्या, मांगून शेट घाम पुसत.

मंदा भाकरीच करून राह्यली होती. पत्रा जळून काळा, मधात खोलगट झालेला. मॅडम म्हणे, बाई, हा चुलीवर कधीपासून हाये. मंदा म्हणे, मोठा पोरगा पोटात होता तवापासून, आता थो कालेजात जाते, शेटजीनंच देला होता, म्हणे आम्हाले ह्याचं कामच नाही, लय दिलदार माणूस. शेट छपराकडे पाहून राह्यला. मंदानं पाहुणी म्हणून मॅडमच्या हातात गरम भाकर देली. मॅडमनं मध्यम प्रत वाचलं, तुकडा मोडून खाल्ला अन् म्हणे, बाई, हे त उत्तम हाये, तुमच्या मिलमधी एकही छापा खरा नाही काय. मंग त्याहीनं गु खोडला अन् शेटचं पूर्ण नाव लिवलं, बापाच्या नावासकट.

गोदामाले सील लागलं. सारा माल निवडून, मध्यमचा नवा पत्रा कोरून, पुन्हा छापला तवा उघडलं. आता मी दोन्ही पत्रे वापरतो, मध्यमवाला जास्त. शेटनं मले काढलं नाही, काढलं असतं त मॅडमले सांगाले तोंड नव्हतं. पण बोलत नाही. मी समोर उभा असलो तरी काट्यावरच्या तोलाऱ्याले म्हणते, त्याले सांग रंग पातळ झाला. थो मले सांगते, मी त्याले सांगतो, थो शेटले सांगते. देव शेटले सुखात ठेवो, अन् त्याहीचा राग असाच राहू दे, दिवसभर लय शांत वाटते.